पथ्याची भाजी : द्रव्य तेच, करण निराळे

पथ्यपत्रक लिहू लागले की वैद्याची लेखणी ठरावीक वाटेने जाते. 'घ्यावे' या सदराखाली दुधी, पडवळ, दोडका, मूग, तांदुळजा. 'वर्ज्य' या सदराखाली वांगे, बटाटा, वाल, हरभरा. यादी शास्त्राला धरून असते आणि रुग्णही आरंभी ती श्रद्धेने पाळतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र औषधाच्या पुड्या चालू आणि पथ्य सुटलेले, अशी स्थिती दिसू लागते. कारण विचारावे तर उत्तर बहुधा एकच असते : कंटाळा आला. तळोजा येथील आमच्या चिकित्सालयात अम्लपित्ताच्या एका रुग्णाच्या पत्नीने हे फार नेमक्या शब्दांत सांगितले होते. "डॉक्टर, दुधीचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात. तीच भाजी रोज नव्यानं कशी करू, तेवढं सांगा."

हा प्रश्न पाककृतींच्या पुस्तकाकडे बोट दाखवून मोकळे होण्याजोगा नाही. तो चिकित्सेचाच प्रश्न आहे आणि चरकसंहितेने तो तसाच हाताळला आहे. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायाच्या अखेरीस याविषयी स्पष्ट आदेश आहे. एकच पथ्य सतत घेतल्याने किंवा त्यास रुची नसल्याने रुग्ण त्याचा द्वेष करू लागला, तर त्या पथ्याच्या निरनिराळ्या कल्पना करून ते त्यास पुन्हा प्रिय करावे, असा त्याचा आशय. त्यालगतच, मनास अनुकूल असे अन्न मिळाले असता तुष्टी, उत्साह, रुची व बल वाढून व्याधीचे बल घटते, हेही सांगितले आहे. लोलिंबराजांचा पथ्याविषयीचा श्लोक आपल्यापैकी प्रत्येकास पाठ असतो. चरकांचा हा श्लोक मात्र व्यवहारात क्वचितच आठवतो. योनिव्यापद् अध्यायाच्या टोकाशी असल्यामुळे कदाचित परीक्षेपुरता वाचून तो मागे पडत असावा.

कल्पना बदलावी, द्रव्य बदलू नये, हे यातील मर्म होय. घरोघरी घडते ते नेमके उलट. भाजीचा कंटाळा आला की टोमॅटो, कांदा, काजू व साय यांची एकच तांबूस घट्ट ग्रेव्ही केली जाते आणि तीत आज दुधीचे कोफ्ते, उद्या पनीर, परवा फ्लॉवर पडतो. नावे तीन, रस एकच. तयार मसाल्याच्या पाकिटांनी तर हे अधिकच सोपे केले आहे. अशा रीतीने दुधी पथ्यपत्रकात राहतो, परंतु रुग्णाच्या कोठ्यात तळलेले बेसन, आंबट टोमॅटो आणि साय जाते. अम्लपित्त उसळले की दोष औषधावर येतो.

करण म्हणजे काय?

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने वर्णिली आहेत. प्रकृतीनंतर लगेच करण येते, हा क्रम लक्षणीय आहे. द्रव्याचा स्वभाव पाहिल्यावर लगोलग त्यावरील संस्कार पाहावयाचा. संस्कार म्हणजे द्रव्यात गुणान्तर घडविणे. त्याची साधने म्हणून जलसंयोग, अग्निसंयोग, शौच, मंथन, देश, काल, वासन, भावना, कालप्रकर्ष व भाजन ही तेथे गणली आहेत. ही यादी आपण भैषज्यकल्पनेच्या तासाला औषधांकरिता शिकलो. पण ती उचलून आपल्या ओट्यावर ठेवून पाहावी. भाजी धुणे हे शौच, ताक घुसळणे हे मंथन, कोकमाच्या आगळात किंवा ताकात फोडी बुडवून ठेवणे ही भावना, कडवे वाल रात्रभर भिजवून मोड आणणे हा कालप्रकर्ष, लोखंडी कढई की मातीचे मडके हा भाजनाचा विचार. फोडणी हा केवळ अग्निसंस्कार नव्हे, ते वासनही आहे. हिंग, जिरे, मोहरी, कढीपत्ता यांचा सुगंधी अंश प्रथम स्नेहात उतरतो आणि स्नेहामार्फत भाजीत. म्हणूनच आरंभी दिलेली फोडणी आणि वरून ओतलेली फोडणी यांची चव सारखी लागत नाही.

मराठी गृहिणीने ही विद्या जाणीवपूर्वक जपलेली आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. एकाच भाजीचे किती प्रकार होतात, याची नोंद आपल्या भाषेत दीड शतक होत आली आहे. त्यांतला कोणता प्रकार कोणास हितकर, हे सांगण्याचे काम वैद्याचे.

दुधीचे उदाहरण

दुधी मधुर, शीत व गुरुतेकडे झुकणारा, पित्तास हितकर. त्यावर भिन्न संस्कार केले असता काय घडते ते पाहू.

फोडी करून, तुपात जिरे व चिमूटभर हिंग घालून, भिजवलेल्या मुगाच्या डाळीसह, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजविल्यास ते स्वेदन होते. वरचे पाणी घालण्याची गरज पडत नाही, भाजी आपल्याच रसात शिजते. ज्वरानंतर व अम्लपित्तात हा प्रकार निर्धोक. हाच दुधी आख्खा निखाऱ्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर भाजून, साल काढून, कुस्करून, धणे-जिऱ्याची पूड व तूप घालून भरीत केले तर जलांश आटून ते लघु होते. कफाच्या रुग्णास पाण्यात शिजविलेल्या दुधीपेक्षा ते अधिक मानवते. उकडून घोटलेला दुधी गोड ताकात मिसळून, आले व कढीपत्ता घालून, पीठ अगदी नाममात्र लावून केलेली पातळ भाजी ग्रहणीच्या रुग्णास फार उपयोगी पडते. तीच अम्लपित्ताच्या रुग्णास देऊ नये. त्याच्याकरिता ताकाऐवजी नारळाचे दूध घ्यावे आणि ते भाजी उतरविल्यावर घालावे, उकळू नये.

सालींची चटणी हा आपल्याकडील जुना प्रकार. तीळ घातले की ती उष्ण व पित्तकर होते, ओले खोबरे व कोथिंबीर घातली की सौम्य राहते. एका घटकाने पथ्यापथ्य फिरते, हे रुग्णास समजावून सांगण्यास यासारखे सोपे उदाहरण नाही. किसून थालीपिठात घातलेला दुधी चविष्ट लागतो, मुलेही आवडीने खातात. परंतु तेथे पीठ प्रधान आणि दुधी अल्प, म्हणून त्याची गणना भाकरीत करावी, भाजीत नव्हे. आणि दुधीचा हलवा ही भाजी नाही, हे मधुमेही रुग्णास निक्षून सांगावे लागते. भाजीच्या नावावर खपणाऱ्या गोडाची संख्या थोडी नाही.

आरंभी ज्यांचा उल्लेख केला त्या बाईंना आम्ही हेच सांगितले. आठवड्यातून तीन वेळा दुधी पुरे. एकदा मुगाच्या डाळीबरोबर, एकदा भरीत, एकदा नारळाच्या दुधातला. मधल्या दिवशी पडवळ, कोहळा, तांदुळजा. यादीतले एकही नाव बदलले नाही. ताटावरून उठण्याची तक्रार पुढच्या खेपेस उरली नव्हती. पथ्य टिकले, हे नोंदविणे आम्हास पुरेसे वाटते. रोगशमनाचे सारे श्रेय भाजीस देण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. भाजीचा 'नवा प्रकार' म्हणून गेल्या काही वर्षांत सर्वाधिक पसरला तो कच्चा रस. सकाळी फेरफटक्याच्या वाटेवर दुधी, कारले, पालक यांचे रस विकणाऱ्या गाड्या आता सर्वत्र दिसतात. २०१० साली दिल्लीत दुधी-कारल्याचा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. काकडी-दुधी कुळातील फळांत काही वेळा कुकुरबिटासिन या कडू द्रव्याचे प्रमाण वाढते. त्याने उलट्या, रक्तवमन, अतिसार व रक्तदाब खालावणे ही लक्षणे उद्भवतात आणि त्यास प्रतिविष नाही. रस काढण्यापूर्वी फळाचा लहान तुकडा चाखावा, कडू असल्यास ते टाकावे, दुधीच्या रसात अन्य रस मिसळू नये, पिल्यावर अस्वस्थ वाटल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे, असा त्या समितीच्या सूचनांचा आशय होता. दुधीच्या रसात कारल्याचा रस मिसळला म्हणजे धोक्याची सूचना देणारी कडू चव झाकली जाते, ही यातली खरी मेख. कडू दुधी शिजविल्यानेही भरवशाने निर्विष होत नाही. चाखून कापण्याची आपल्या आजीची रीत म्हणून मोलाची. पथ्यपत्रकात नुसते 'दुधी' लिहिले आणि रुग्णाने त्याचा कच्चा रस घेतला, तर करण न लिहिल्याचा परिणाम किती दूर जातो हे यावरून ध्यानात यावे.

पालेभाजी आणि पिळलेले पाणी

भावप्रकाशाने शाकांचे पत्र, पुष्प, फल, नाल, कंद व संस्वेदज असे सहा प्रकार करून ते उत्तरोत्तर गुरु मानले आहेत. पाने त्यांत सर्वांत हलकी. तरीही रूक्षता व मल वाढविण्याचा स्वभाव ध्यानी घेऊन चरक व वाग्भट या दोघांनीही पानांची विशिष्ट कृती सांगितली : उकडावे, रस पिळून टाकावा, भरपूर स्नेहात परतावे.

आधुनिक आहारशास्त्राचे विद्यार्थी या पिळण्यावर आक्षेप घेतात. पाण्याबरोबर जीवनसत्त्व 'क' व फोलिक आम्ल जाते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्याच पाण्याबरोबर विद्राव्य ऑक्झलेटही जाते. पालक, माठ, अळू यांत ते विपुल असते आणि अश्मरीच्या रुग्णास त्याचा उपद्रव होतो. मूत्रपिंड दुर्बल झालेल्या ज्या रुग्णास पोटॅशियम मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे, त्यालाही भाजी बारीक चिरून, पुष्कळ पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देण्याचाच सल्ला आज आहारतज्ज्ञ देतात. स्नेहाचे म्हणावे तर पानांतील कॅरोटिन स्निग्ध पदार्थाच्या संगतीने अधिक शोषले जाते. तेव्हा ग्रंथोक्त कृती सरसकट टाकू नये, आणि सरसकट प्रत्येकास सांगूही नये. पांडुरोगी गर्भिणीस मेथी वा शेवग्याचा पाला द्यावयाचा असता पाणी पिळण्याचे प्रयोजन नाही. थोड्या पाण्यात झाकून शिजवावा, उरलेल्या पाण्यात भाकरीचे पीठ मळावे. अश्मरीच्या रुग्णास मात्र पाणी निःसंकोच फेकावयास सांगावे.

ताकातील चाकवत हा या दोन टोकांमधला आपल्या स्वयंपाकघराचा तोडगा होय. वास्तुक म्हणजे चाकवत. नित्य सेवनास योग्य म्हणून वाग्भटांनी त्याची गणना केली आहे. तो उकडून घोटावा, ताक घालावे, वर तुपाची व लसणाची फोडणी द्यावी. हीच रीत पालक, चुका, अंबाडी यांस लावता येते. अंबाडी व चुका मुळातच आंबट, तेथे ताकाऐवजी डाळीचे पाणी घ्यावे. एका रीतीत चार पाने फिरविली की आठवडा सरतो.

शेवग्याचे एक निराळेच प्रकरण उपस्थित झाले आहे. शेंगांचा गर काढून त्यात दूध अगर साय घालून केलेले सूप आजकाल भोजनालयांतून व घरांतूनही पौष्टिक म्हणून दिले जाते. मुळा, लसूण, शेवगा इत्यादी खाऊन दूध घेऊ नये, त्वग्विकारांचे भय असते, असे चरकांच्या विरुद्धाहारप्रकरणी सांगितले आहे. त्वग्रोगाच्या रुग्णास 'सूप घेता काय, त्यात काय घालता' हे विचारावे. नुसत्या मुगाच्या कढणात शेवगा घातला तरी सूप उत्तम होते.

पनवेलच्या बाजारातील शेवळे

पावसाळ्याच्या तोंडाशी पनवेलच्या बाजारात कातकरी व ठाकूर स्त्रिया रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, रानातले अळू. संस्काराने द्रव्य कसे पालटते, याचा शेवळाइतका बोलका पाठ अन्यत्र मिळणार नाही. शेवळ म्हणजे रानसुरणाच्या जातीतील कंदाचा जमिनीतून वर येणारा फुलोरा. तो नुसता शिजवून खाल्ल्यास घशाला असह्य खाज सुटते; त्यातील सुईसारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक त्यास कारणीभूत. म्हणून शेवळे विकणारी बाई सोबत काकडाची हिरवी आंबट फळे देते. फळे ठेचून त्यांचा रस काढावयाचा, शेवळाचा टोकाचा पिवळा भाग काढून टाकावयाचा, उरलेला बारीक चिरून तेलात चांगला परतावयाचा आणि काकडाच्या रसात शिजवावयाचा. आगरी घरांत त्यात सोडे वा कोळंबी घालतात, शाकाहारी घरांत वाल. अळूला चिंच लावतो ते याच न्यायाने. करण आणि संयोग ही दोन्ही आयतने येथे एकत्र काम करतात आणि ते ज्ञान कोणत्याही विद्यापीठाच्या नव्हे, त्या विक्रेतीच्या मुखी असते. आम्ही दरवर्षी तिलाच विचारून भाजी घेतो आणि रुग्णांनाही तसेच सांगतो. ओळख पक्की नसलेली रानभाजी औषधी म्हणून स्वतः तोडून आणू नये.

आणखी एक गोष्ट तळोज्याच्या रहिवाशांपुरती सांगणे अगत्याचे आहे. येथील औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. नाल्याच्या वा नदीच्या काठी उगवलेला टाकळा, माठ कितीही कोवळा दिसला तरी तो घेऊ नये. मातीतून आलेले जड धातू धुण्याने, उकळण्याने वा पिळण्याने निघून जातात असे नाही. देश हेही आहारविधीचे स्वतंत्र आयतन आहे. तेथील दोष करणाने दूर होईलच, असे मानू नये.

हिवाळ्यात चित्र बदलते. भात निघाला की शेतातील उरलेल्या ओलीवर वाल येतो आणि रायगड जिल्ह्यात पोपटीचे दिवस सुरू होतात. मडक्याच्या तळाशी व तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला, मध्ये वालाच्या कोवळ्या शेंगा, खडे मीठ व ओवा. मडके पालथे घालून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंग आपल्याच वाफेत शिजते. पुटपाकाचे स्मरण व्हावे असा हा विधी आहे. निष्पाव म्हणजे वाल गुरु, रूक्ष व विष्टंभी. तथापि सुकलेल्या वालापेक्षा कोवळी शेंग सुसह्य, आणि ओव्याची जोड वातास आवर घालते. घरी हा प्रकार जाड बुडाच्या झाकणाच्या भांड्यात करता येतो; भांबुर्डा न मिळाल्यास ओव्याची पाने अंथरावी. आमवाताच्या रुग्णास मात्र तो कोणत्याही रूपात देऊ नये. काही द्रव्यांत संस्काराची मर्यादा लवकर येते, हे मान्य करणे बरे.

शेजारचे ताट

सिडकोच्या वसाहतींमुळे तळोज्याचे रूप पालटले. पेंधर, घोट, कोयनावेळे या जुन्या गावांलगत आज उत्तर भारतीय, बंगाली, मल्याळी, गुजराती कुटुंबे एकाच जिन्याने चढउतार करतात. नव्या रीतींसाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. केरळीय थोरन म्हणजे बारीक चिरलेली भाजी अत्यल्प पाण्यात वाफवून वर ओले खोबरे, पित्तप्रकृतीस उत्तम. गुजराती मुठिया वाफवून खाव्या, मग तळण्याचा हव्यास धरू नये. बंगाली शुक्तो कारले इत्यादी कडू भाज्यांचा असून जेवणाच्या आरंभी घेतात. सुश्रुतांचा क्रम मधुर आधी, कडू-तिखट-तुरट शेवटी असा आहे; तरी पिढ्यान्‌पिढ्या जे सात्म्य झाले ते बंगाली रुग्णाकडून मोडून घेण्याचे आम्हास कारण दिसत नाही.

एअर फ्रायरविषयी हल्ली वारंवार विचारणा होते. तळण्याच्या तुलनेत तेल वाचते, हे खरे. पण कोरड्या उष्ण वाऱ्याने भाजलेली भाजी ही भृष्ट कल्पना आहे. कफ व मेद असलेल्यास ती चालते, मलावष्टंभाच्या वातरुग्णास तीवर तूप सोडल्यावाचून देऊ नये. यंत्र नवे असले तरी परीक्षा जुनीच लावता येते. भाजनाविषयी थोडेच : चिंच, कोकम, ताक घातलेली भाजी कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात करू नये, लोखंडी कढईत परतलेली पालेभाजी शिजताच काढून घ्यावी.

औषधालयाच्या मालकांसाठी

वैद्याने पत्रकात 'हिंग', 'सैंधव', 'सुंठ' लिहिले की रुग्ण ते घेण्यास आपल्या दुकानी येतो. बांधानी हिंगात शुद्ध हिंगाबरोबर पीठ व डिंक असतो. गव्हाची असहिष्णुता असलेल्या रुग्णास वेष्टनावरील घटक वाचून दाखवावे. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, रक्तदाबाच्या रुग्णास ते हवे तितके चालते हा समज दूर करावा. त्यात आयोडीन मिसळलेले असतेच असे नाही, म्हणून गर्भिणीच्या घरी आयोडीनयुक्त मीठ पूर्णतः बंद होणार नाही याकडे लक्ष असावे. 'लो सोडियम' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णास ते वैद्यास विचारल्याखेरीज देऊ नये.

शेवगा, कारले, पालक यांची वाळविलेली चूर्णे हल्ली भाजीला पर्याय म्हणून मागितली जातात. शुष्क शाकाचा नित्य अभ्यास वाग्भटांनी निषिद्ध मानला आहे. औषध म्हणून मात्रेत देणे निराळे, रोजच्या भाजीच्या जागी देणे निराळे. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाने पालेभाजी करण्याची रीत खुशाल बदलावी, परंतु आठवड्यातील तिचे प्रमाण एकदम वाढवू वा घटवू नये. 'के' जीवनसत्त्वामुळे रक्त पातळ ठेवण्याचे गणित बिघडते. पाल्याचे चूर्ण सुरू करणे हीदेखील अशीच वाढ होय. ही सूचना देणारी शेवटची व्यक्ती पुष्कळदा औषधालयातील आपणच असता.

डब्याचा प्रश्न

आमच्याकडील मोठा रुग्णवर्ग औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा आहे. पहिल्या पाळीचा डबा पहाटे पाचला भरला जातो आणि दुपारी उघडतो. उन्हाळ्यात तो तापलेल्या छपराखाली राहतो. ताकातली भाजी, नारळाच्या दुधातली भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी घरी कितीही हितकर असली तरी या डब्यात घालू नये, ती आंबते. पहाटे गरम भाजी झाकण लावून बंद केली की वाफेचे पाणी सुटते व भाजी लवकर उतरते. म्हणून आधी ती पसरट भांड्यात निववावी. सुकी दोडक्याची भाजी, भेंडी, तोंडली, पीठ पेरून केलेली मेथी, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची किंवा, पित्त नसल्यास, तिळाची चटणी हे डब्याचे प्रकार. पातळ, घोटलेले, ताकातले प्रकार रात्रीच्या वा सुटीच्या ताटासाठी राखावे.

यास्तव आमच्या पथ्यपत्रकात आता तीन रकाने असतात : द्रव्य, करण, वेळ. दुधी – तुपाच्या फोडणीत, मुगाच्या डाळीसह, झाकणावर पाणी ठेवून – रात्री; दोडका – सुका, खोबरे पेरून – डबा. एका पत्रकात सहा-सात ओळींपेक्षा अधिक लिहीत नाही आणि पंधरा दिवसांनी दुसरा रकाना बदलून देतो. पत्रक लिहिण्यापूर्वी घरी स्वयंपाक कोण करते, हे विचारतो. शक्य असल्यास त्या व्यक्तीस पुढच्या खेपेस सोबत आणावयास सांगतो. वसाहतीत खोली घेऊन एकट्याने राहणारे कित्येक तरुण स्वतःच शिजवितात. त्यांच्याजवळ एक कढई, एक कुकर आणि अर्धा तास असतो. त्यांच्या पत्रकात आम्ही दोनच संस्कार लिहितो : कुकरमध्ये मुगाची डाळ व फळभाजी एकत्र, आणि कढईत झाकण ठेवून वाफवलेली पालेभाजी, वरून चमचाभर तूप.